यवतमाळ जिल्ह्यातील मराठीवर इंग्रजी वाक्यरचनेचा प्रभाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या मराठीत इंग्रजी दोन वेगळ्या वाटांनी शिरली आहे. बोलण्यात इंग्रजी शब्द भरपूर येतात, पण त्यांना पेलणारे वाक्य वऱ्हाडीच राहते. लेखनात उलट घडते. तिथे शब्द मराठी, बरेचसे संस्कृत वळणाचे, आणि वाक्याची चाल मात्र इंग्रजीची. वर्तमानपत्र, कार्यालयीन पत्र, नोटीस, माहितीपत्रक ही या दुसऱ्या प्रकाराची ठिकाणे. भाषाशुद्धीची ओरड सहसा पहिल्या प्रकाराविरुद्ध होते. भाषेच्या सांगाड्याला हात घालणारा बदल मात्र दुसऱ्यात आहे.

जिल्हा वऱ्हाडी बोलीच्या पट्ट्यात येतो. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजारा समाजाची गोरमाटी, तर केळापूर, झरी जामणी, मारेगाव तालुक्यांत द्राविडी कुळातल्या कोलामी आणि गोंडी बोलल्या जातात. तेलंगणाच्या सीमेकडे तेलुगू आहे आणि बाजारात हिंदी सर्वत्र. कोलामांच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, मुलांना प्रमाण मराठीही शाळेतच भेटते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते, म्हणजे या मुलांना दोन नव्या वाक्यरचना एकदमच शिकाव्या लागतात.

बोलीतील रूप. ‘साइटच ओपन नाही होऊन राहिली’, ‘फॉर्म रिजेक्ट झाला त्याचा’, ‘त्यानं मले ब्लॉक केलं’ ही सेतू केंद्रावर किंवा चहाच्या टपरीवर कानी पडणारी वाक्ये. यांत इंग्रजी क्रियापदाला क्रियापदाचा मान मिळत नाही. ‘ओपन’, ‘रिजेक्ट’, ‘ब्लॉक’ नामासारखे उभे राहतात. काळ, लिंग, वचन सांभाळण्याचे काम ‘होणे’ आणि ‘करणे’ करतात. ‘मले’मधला ‘ले’ प्रत्यय वऱ्हाडी आहे, आणि ‘होऊन राहिली’ ही चालू क्रिया दाखवणारी रचना वऱ्हाड-नागपूरची ओळखीची, हिंदीच्या शेजाराची. पुण्याकडचा माणूस ‘साइट उघडत नाहीये’ म्हणेल. एका छोट्या वाक्यात तीन भाषांचा माल दिसतो, पण इंग्रजी वाक्यरचनेचा त्यात मागमूस नसतो.

 

लेखनातील उगम. आधुनिक मराठी गद्य इंग्रजीच्या शेजारी वाढले, हे शब्दशः खरे आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघाले ते द्विभाषी. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जाई. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. स्वल्पविराम हाती आल्यावर उपवाक्यामागे उपवाक्य जोडणारे लांब वाक्य लिहिणे सोपे झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली तीच मराठीच्या तत्कालीन स्थितीची चिंता करत. पण त्यांच्या स्वतःच्या निबंधाचा घाट इंग्रज निबंधकारांच्या वाचनातून आलेला होता. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभारात गेले, आणि कचेरी व शाळा या दोन्ही मार्गांनी हे नवे गद्य इकडे पोचले.

शाळेतल्या भाषांतर पद्धतीचा वाटा कमी लेखू नये. इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचायचे आणि लगेच त्याच क्रमाने मराठीत म्हणायचे, या सवयीतून ‘तेथे एक राजा होता’ अशी वाक्ये तयार झाली. गोष्ट सांगणारी आजी ‘एक होता राजा’ म्हणते. तिला ‘तेथे’ लागत नाही. ‘तो एक चांगला शिक्षक आहे’ यातला ‘एक’ही बहुतेक वेळा इंग्रजी उपपदाची सावली असतो.

वर्तमानपत्री मराठी. यवतमाळला वृत्तपत्रांची परंपरा आहे. ‘लोकमत’ 1918 मध्ये इथूनच साप्ताहिक म्हणून सुरू झाले आणि पुढे 1971 मध्ये नागपूरहून दैनिक झाले. वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर रात्रपाळीत घाईने मराठीत आणणे हे उपसंपादकाचे नेहमीचे काम, आणि या घाईचे ठसे वाक्यावर राहतात. सर्वांत ठळक ठसा कर्मणीचा. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-1 किंवा अवनी या वाघिणीची दहशत होती आणि 2 नोव्हेंबर 2018 रोजी ती गोळी घालून मारली गेली, त्या काळातली बातमीची भाषा आठवावी. गावकरी सांगतो, ‘वाघानं बाईले धरलं.’ हेच छापताना ‘वाघाकडून महिलेवर हल्ला करण्यात आला’ होते. मराठीत ‘करण्यात येणे’ हा प्रयोग कुणीतरी ठरवून, रीतसर केलेल्या कामाला शोभतो. इथे वाघाने ठराव मांडून हल्ला केल्यासारखे वाटते. कर्ता माहीत असताना त्याला ‘कडून’च्या मागे ढकलणे हा मराठीचा स्वभाव नव्हे. कर्ता माहीत नसेल किंवा सांगायचा नसेल, तर ‘मारली गेली’ ठीकच.

दुसरा ठसा संबंधी उपवाक्याचा. ‘अवनी, जी दोन बछड्यांची आई होती, तिला…’ हे वाक्य मध्येच थबकून माहिती देते. मराठीला ‘दोन बछड्यांची आई असलेल्या अवनीला’ किंवा ‘जो… तो’ची जोडी पुरते. तिसरा ठसा सांगितलेल्या बोलण्याचा. ‘तो म्हणाला, मी उद्या येतो’ यात बोलणाऱ्याचा ‘मी’ जागेवर राहतो. ‘तो म्हणाला की तो उद्या येईल’ यात दुसरा ‘तो’ कोण, हा प्रश्न उगाच निर्माण होतो.

   

कार्यालयीन आणि कायद्याची भाषा. 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि त्यांच्यामागे परिभाषा कोश आले. शब्द मराठी झाले. वाक्यांचे साचे पुष्कळदा इंग्रजी मसुद्याचेच राहिले. भूसंपादनाची अधिसूचना ‘ज्याअर्थी… आणि ज्याअर्थी… त्याअर्थी आता, याद्वारे…’ अशी चालते. कायद्याच्या इंग्रजीचा हा साचा आहे, आणि कायद्याला तो उपयोगी पडतो: प्रत्येक कारण वेगळे मोजता येते. अडचण वाचणाऱ्याची. बेंबळा धरणासारख्या प्रकल्पात जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याला आपली कोणती जमीन, किती आणि कधी जाणार हे हवे असते. ते वाक्याच्या अगदी तळाशी सापडते. ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’ हे टिपणातले शेपूटही कुणी काय करायचे ते सांगत नाही.

माहितीपत्रके. कीटकनाशक नियम, 1971 प्रमाणे औषधाच्या डब्यासोबत हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते. त्यातली सूचना ‘फवारणी करताना संरक्षक कपडे परिधान केले जावेत’ अशा वळणाची असते. सूचनेसाठी मराठीला कर्मणीची गरज नाही. ‘वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये’ एवढे पुरते, आणि कपाशीतल्या मजुराला तेच कळते. 2017 च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. वाढलेली कपाशी, मिसळलेली औषधे, संरक्षक साधनांचा अभाव अशी कारणे तेव्हा पुढे आली. त्यांत पत्रकाची भाषा घालण्याला आधार नाही. तरीही जीव जाऊ शकतो अशा ठिकाणी ‘केले जावेत’ छापू नये, इतके म्हणता येते.

दैनंदिन शिष्टाचार. ‘शुभ सकाळ’, ‘तुमचा दिवस आनंदात जावो’ ही वाक्ये मोबाइलवर रोज फिरतात. निरोप घेताना ‘काळजी घे’ म्हणण्याची पद्धतही इंग्रजीची. घराबाहेर पडताना मराठीत म्हणायचे ते ‘बरं, येतो’. नव्या पिढीला हे इंग्रजी वळणाचे प्रयोग परके वाटत नाहीत, आणि त्यांत व्याकरणाची मोडतोडही नाही.

इंग्रजीवर चुकीने लादलेले. ‘पाण्याच्या प्रश्नाला घेऊन मोर्चा’ ही रचना हिंदीतून आली आहे. उपवाक्य जोडणारा ‘की’ फारसीतून, इंग्रज येण्याच्या पुष्कळ आधी. देशी रीत वाक्यानंतर ‘असे’ किंवा ‘म्हणून’ जोडण्याची. पोलिसांच्या कागदातले ‘यातील फिर्यादी यांनी पो.स्टे.ला येऊन तोंडी रिपोर्ट दिला की’ हे वाक्य पाहावे. त्यात ‘फिर्यादी’ आणि ‘की’ फारसी, ‘रिपोर्ट’ आणि ‘पो.स्टे.’ इंग्रजी. ‘येऊन… दिला’ ही क्रियांची साखळी मात्र अस्सल मराठी आहे.