तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत : मिरजेच्या शिकलगारांचा हुनर

उर्दूत ‘सैकल’ हा शब्द आहे. मूळ अरबी, अर्थ घासूनपुसून चकाकी आणणे. हे काम करणारा तो सैकलगर. मराठीत तोच शिकलगार झाला. तलवारी घडवणे, त्यांना धार लावणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय.

1818 मध्ये पेशवाई संपली. मिरजेत पटवर्धनांचे संस्थान टिकले, पण लढाया संपल्या आणि शस्त्रांची मागणीही आटली. रोजीचा प्रश्न उभा राहिला. मिरजेच्या दरबारात मात्र गवयांना आश्रय होता आणि त्यांची वाद्ये दुरुस्त करणारा जवळपास कोणी नव्हता. फरीदसाहेब शिकलगार यांनी हे काम हाती घेतले, असे मिरजेत सांगतात. दुरुस्तीतून वाद्य कळले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत नवी वाद्ये घडू लागली. पुढे काही घरांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले.

आज ज्याला आपण ‘इनोव्हेशन’ म्हणतो, ते याहून वेगळे काय असते? हत्यारे घडवणारा हात लाकडाकडे वळला. पंढरपूरच्या बाजूला पिकणारा कडू भोपळा वाळवून तुंबा झाला, त्यावर दांडी बसली. सर्वांत अवघड काम जवारीचे. ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा पृष्ठभाग कानाने ऐकत, केसाएवढा घासावा लागतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून आवाज खुलतो की नाही, हे कारागीर पाहतो. सैकल इथेही आहेच. फक्त चकाकी पोलादाऐवजी स्वराला येते.

रेल्वेनेही या गावाला हात दिला. मुंबई-पुण्याहून धारवाड-हुबळीकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून जातो, त्यामुळे गवयांचे येणे-जाणे वाढले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचा दफनविधी झाला. तिथल्या उरुसात आजही गायक हजेरी लावतात.

मग काळ पुन्हा फिरला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. आता तर मोबाइलमध्येच तंबोरा वाजतो. रियाज करणाऱ्याची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. पण पूर्वी जो विद्यार्थी तंबोरा विकत घेई, तो आता अ‍ॅपवर भागवतो. महिनोन्महिने वाळवलेला भोपळा आणि कारागिराचे दिवस यांचा हिशेब त्या अ‍ॅपच्या किमतीशी कसा जुळणार?

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही मोठी गोष्ट आहे. दुसरीकडे बनलेले वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकता येणार नाही, असे कायदा सांगतो. परंतु मानांकन मिळते संस्थेच्या नावावर. ते नाव आपल्या मालावर कायदेशीरपणे वापरण्यासाठी प्रत्येक कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अर्ज, कागदपत्रे, दहा वर्षांनी नूतनीकरण. वर्तमानपत्रातल्या बातमीने कोणाची चूल पेटत नाही. ही नोंदणी गल्लीतल्या शेवटच्या दुकानापर्यंत पोहोचली तरच पेटेल.

इथे आपल्या शिकलेल्या तरुणांचे काम आहे. कारागिराचा अर्ज भरून देणे, त्याचे वाद्य त्याच्याच नावाने ऑनलाइन विक्रीला लावणे, प्रत्येक तंबोऱ्यावर तो घडवणाऱ्याची माहिती देणारा क्यूआर कोड बसवणे, जवारी काढतानाचे बारकावे चित्रित करून ठेवणे. यासाठी फार भांडवल लागत नाही. मधला दलाल कमी झाला, तर मुलालाही बापाच्या शेजारी बसावेसे वाटेल.

आपला इतिहास सांगताना आपण किल्ले आणि बादशहा सांगतो. माझ्या मते मिरजेची ही गल्ली तितकीच महत्त्वाची आहे. मंदिरातले भजन असो की दर्ग्यातली हजेरी, तिथे या मुसलमान कारागिरांचा तंबोरा सूर धरत आला आहे. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी काळ बदलताच हुनराला नवी वाट दाखवली. आता तंत्रज्ञान आपल्या हातात आहे. त्या हुनराचे मोल कारागिराच्या घरी पोहोचवणे ही आपली जबाबदारी आहे.