पिसाळरोगाची पारख

गाय लाळ गाळते आहे, वैरण तोंडातून खाली पडते आहे, आवाज घोगरा झाला आहे आणि ती उगाच हंबरते आहे. अशा वेळी घरातला जाणता माणूस काय करतो? बाही वर सारतो आणि आंब्याची कोय अडकली असेल म्हणून घशात थेट कोपरापर्यंत हात घालतो. पनवेलजवळच्या एका गोठ्यात हे मी स्वतः पाहिले आहे. घशात काहीच नव्हते. गाय पिसाळलेली होती. महिन्यापूर्वी तिला कुत्रे चावले होते. पोरांना ते ठाऊक होते, पण त्यांना विचारतो कोण?

कुत्रे पिसाळले की गावाला चटकन कळते. गुरे मात्र फसवतात. कधी ती अंगावर धावून येतात, तर कधी नुसतेच मागचे पाय लटपटतात, गिळायचे स्नायू लुळे पडतात, आणि आपल्याला वाटते, साधे दुखणे आहे. आपल्या वैद्यांना हा रोग नवा नाही; सुश्रुतसंहितेत अलर्कविषाचे वर्णन आहे. पण वर्णन निराळे आणि खात्री निराळी.

१८८५ साली पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, ही गोष्ट गुरुजी वर्गात सांगतातच. रोगाचे कारण मात्र पाश्चरला कधी दिसले नाही. तेव्हा खात्री करायची रीत अशी: मेलेल्या जनावराच्या मेंदूचा अंश सशाला टोचायचा आणि ससा आजारी पडतो का, हे दोन-तीन आठवडे पाहायचे. तोवर चावा घेतलेल्या माणसाने जीव मुठीत धरून बसायचे!

१९०३ साली इटलीतल्या पाव्हिया गावी नेग्री नावाच्या डॉक्टरने पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या आत तांबूस गोल ठिपके दिसले. आठवड्यांचे काम तासांवर आले. हे ठिपके म्हणजे रोगाचे सूक्ष्म प्राणी, असे नेग्रीला वाटले, ते चुकले. रोग विषाणूचा निघाला. पण खूण खरी ठरली. कुत्र्यात ती मेंदूच्या एका भागात चांगली सापडते, गाईत लहान मेंदूत. जागा चुकली की निदान चुकले.

आपल्याकडे परळला मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघाले, म्हणजे पाश्चरच्या त्या टोचणीच्या पुढच्याच वर्षी. पुढे १८९९ साली हाफकिनची प्रयोगशाळाही परळलाच आली. पनवेल तेव्हा घाटाच्या वाटेवरचे, बैलगाड्यांचे गाव होते. बैल गेला तर घर बसायचे, अशी स्थिती.

नेग्रीच्या खुणेत एक खोट होती. रोग असूनही काही मेंदूंत ठिपके सापडत नसत. तपासणारा 'नाही' म्हणाला आणि घरचे निर्धास्त झाले, तर? ही खोट १९५८ साली बरीचशी भरून निघाली. विषाणूला नेमके चिकटणारे प्रतिद्रव्य घ्यायचे, त्याला चमकणारा रंग जोडायचा आणि ते मेंदूच्या लेपावर घालायचे. विषाणू असला की खास दिव्याखाली हिरवी चकाकी दिसते. या शतकात साध्या सूक्ष्मदर्शकावर तासाभरात जमेल अशीही रीत निघाली. गोव्यात कुत्र्यांना सरसकट लस टोचली गेली, संशयित कुत्र्यांचे मेंदू तपासले गेले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले.

जिवंत गाईवर मात्र भरवशाची चाचणी अजून नाही. मेंदू लागतोच, तोही ताजा, बर्फात ठेवलेला. आपण तर जनावर मेले की लगेच पुरून मोकळे होतो. कवटी फोडायचीही गरज नसते. मानेच्या बाजूला कवटीला जे मोठे भोक असते, त्यातून साधी नळी सारून पशुवैद्य नमुना काढू शकतो. हे काम त्याचेच. आपण हात लावू नये.

नवीन पनवेलच्या जागी आता इमारती आहेत, पण आजूबाजूच्या गावांत गोठे आहेत आणि कुत्री दोन्हीकडे हिंडतात. त्या गोठ्यातल्या माणसाला आम्ही पंधरा मिनिटे साबणाने हात धुवायला लावले आणि त्याच दिवशी दवाखान्यात धाडले. मेंदूचा निकाल चौथ्या दिवशी आला. रोग होता. त्याच्या सुया तोवर सुरू झाल्या होत्या. निकाल कळल्यावर गाईचे तोंड धुणारी त्याची सूनही तिथे जाऊन बसली.