ईशापूरची रायफल

खंडेनवमीला पूजेत मांडायला आमच्या घरी आता शस्त्र म्हणावे असे काही उरलेले नाही. आबांचे पुलथ्रू, रायफलीच्या दस्त्यात ठेवायची तेलाची पितळी डबी आणि थ्री-नॉट-थ्रीचे एक रिकामे कडतूस, एवढेच. आबा बेळगावच्या कॅम्पात आर्मोरर होते. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. बंदुकीचे मला ज्ञान ते त्यांच्या बोलण्यातून आलेले आणि पुढे पुस्तकांतून ताडून पाहिलेले.

गेल्या वर्षी नेमक्या त्याच दिवशी पुतण्याचा फोन आला. तो पेनसिल्व्हेनियात असतो. "काका, मी एक जुनी लष्करी रायफल घेतली. तिच्यावर काय कोरलंय सांगा? आर. एफ. आय., वर अशोकाचे सिंह आणि 1967 साल!" आपल्या ईशापूरच्या कारखान्याची रायफल विक्रीत निघून अमेरिकेत गेली होती. तिच्यावर मुद्रा 7.62 मिलिमीटरची, आणि दुकानदाराने हातात ठेवली ती .308 विंचेस्टरची शिकारीची काडतुसे. "बसतात अगदी छान," पुतण्या म्हणाला. हरणाची शिकार तोंडावर आलेली.

मला आबा आठवले. "चेंबरात बसतंय म्हणून चालतंय असं नसतंय गा," असे ते म्हणत. पुतण्याला सांगितले, आठ दिवस थांब, बार काढू नकोस.

या रायफलीचे कूळ जुने. ली साहेबाच्या बोल्टची थ्री-नॉट-थ्री ब्रिटिश फौजेत 1888 साली आली, तीही काळ्या दारूवर; कॉर्डाइट मागाहून आले. त्या कडतुसाची गोळी 215 ग्रेनची, पूर्ण धातूच्या कवचाची. 1895च्या चित्रळच्या मोहिमेत तक्रार निघाली की गोळी आरपार जाते आणि माणूस चालून येतच राहतो. मग कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तिचे नाक उघडे ठेवून आतले शिसे मोकळे केले गेले. 'दमदम गोळी' हे नाव जगभर झाले ते तिथून. 1899 साली हेगच्या परिषदेने अशा पसरणाऱ्या गोळ्यांना युद्धात बंदी घातली.

गंमत अशी, की रणात जी गोळी निषिद्ध तीच शिकारीत योग्य. कवचाची गोळी जनावराच्या अंगातून सुईसारखी निघून जाते आणि जखमी जनावर मैलभर पळून झुडपात कुजत मरते. खानापूरच्या रानात एका शिकाऱ्याने लष्करी गोळीने मारलेल्या डुकराच्या मागावर आबा दोन दिवस हिंडले होते. सापडले नाही. त्यानंतर त्यांनी शिकारीची हौसच सोडली. (1972च्या वन्यजीव कायद्याने पुढे सगळ्यांचीच सुटली.) पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यातही मोठ्या शिकारीला पसरणारीच गोळी लागते.

पण त्या शिकाऱ्याजवळ मुळात थ्री-नॉट-थ्री असायलाच नको होती. फौजेच्या बोअरची बंदूक रयतेला द्यायची नाही, हे सरकारचे धोरण. लुटलेली काडतुसे सरकारवरच उलटतील ही भीती त्यामागे होती. म्हणून परवानाधारकांसाठी .315 आली. ती म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे 8 मिलिमीटर मानलिखर कडतूस! एका साम्राज्याचे लष्करी कडतूस दुसऱ्या साम्राज्यात निरुपद्रवी ठरले. ईशापूरने या बोअरची रायफल केली, खडकीने काडतुसे. युरोपात मात्र या मानलिखरचा वेगळाच घोळ झाला. 1930 नंतर ऑस्ट्रियाने तिथल्या जुन्या रायफली 8×56च्या लांब कडतुसासाठी बदलल्या आणि नळीवर मोठा 'एस' ठोकला. रायफलीचे बाह्यरूप जवळजवळ तेच. त्या 'एस'कडे न बघता जुने आखूड कडतूस भरणे म्हणजे नसते संकट ओढवून घेणे. नाव आठ मिलिमीटर म्हणून कडतूस आठाचे, इतका हा हिशेब सोपा नाही.

आता पुतण्याच्या रायफलीकडे येतो. 1962च्या चीन युद्धानंतर फौजेला 7.62च्या रायफली घाईने हव्या होत्या. नवी स्वयंचलित रायफल पुरेशी होईपर्यंत ईशापूरने जुन्याच ली-एन्फील्डच्या घाटावर, पण अधिक चांगल्या पोलादात, नव्या बोअरची रायफल घडवली. ती 2ए, मग निशाणीची पट्टी 2000 ऐवजी 800 वर आणली, ती 2ए1. जुन्या थ्री-नॉट-थ्रीची नळी बदलून केलेली रायफल, अशी तिची हेटाळणी होते, ती चूक आहे.

लोकांना घाबरवतो तो आकडा दाबाचा. लष्करी कडतुसाला 50,000 लिहितात, .308ला 62,000. पण पहिला आकडा तांब्याची गोटी चेपून मोजलेला, दुसरा विद्युत यंत्राने. लष्करी कडतूस त्याच यंत्राने मोजले तर साठ हजारांच्या आसपासच जाते. दोन्ही जवळजवळ सारखीच. खरा फरक चेंबरच्या लांबीचा. लष्करी चेंबर इंचाच्या काही सहस्रांशांनी मोकळे, आणि शिकारीच्या कडतुसाचे पितळ सामान्यतः पातळ. त्यात ली साहेबाच्या बोल्टची पकड मागच्या बाजूला, त्यामुळे दाबाखाली सगळा सांगाडा किंचित ताणतो. पितळाला आधार कमी पडला की ते बुडाजवळ लांबते आणि एके दिवशी तुटते. तुटले, की तप्त वायू मागे, नेमबाजाच्या डोळ्यांकडे.

म्हणून पुतण्याला सांगितले: आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्याकडून चेंबरला गेज लावून घे. गोळी मऊ नाकाची, 150 ग्रेनची घे, कारण लष्करी गोळी 147च्या आसपास आणि निशाणी तिच्यासाठीच आखलेली. 'जास्त जोराची' म्हणून जी विकतात तिला हात लावू नकोस. दरवेळी रिकामे पितळ उजेडात धरून बघ.

गेज लावले. .308च्या 'नो-गो'वर बोल्ट बंद झाला, लष्करी 'फील्ड' गेजवर झाला नाही. म्हणजे लष्कराच्या मापाने रायफल शाबूत, शिकारीच्या मापाने सैल. तरी त्याने पोरांना दूर उभे करून पाच बार काढले. त्यातल्या चौथ्या पितळावर बुडापासून अर्ध्या बोटावर एक बारीक चकचकीत रेघ उठली होती, ताणल्याची. हरणाची शिकार त्या वर्षी झाली नाही. रायफल त्याने भिंतीला लावली.

डिसेंबरात तो आला तेव्हा ते पितळ मला दाखवायला घेऊन आला. आता ते आबांच्या थ्री-नॉट-थ्रीशेजारी ठेवले आहे. सूनबाई म्हणाली, यंदा दोन्ही पूजेत मांडू. मी चष्मा लावून रेघ पुन्हा एकदा बघितली.