पाण्यातला पॉलिश पेपर

वापरलेल्या मोटारीचा बंपर पुन्हा रंगवायला घेतला की रंगाऱ्याचा वेळ फवारणीत थोडा आणि घासण्यात फार जातो. रंग उडाला असेल तिथे जुन्या थराची कड उभी राहते. ती डोळ्याला दिसली नाही तरी बोटाला लागते आणि वर कितीही चांगला रंग मारला तरी चकाकीत उमटतेच. म्हणून कड उतरती होईपर्यंत पॉलिश पेपर मारायचा. काम नीट झाले की खरचटलेल्या जागेभोवती एकाबाहेर एक पट्टे दिसतात: मध्ये बंपरचे काळे प्लॅस्टिक, त्याबाहेर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत बाहेर क्लिअर कोट. पट्टे जितके रुंद, तितका उतार सौम्य. हे काम आज ज्या रीतीने होते ती रीत शंभर वर्षांपूर्वीची आहे. बंपरला रंग देण्याची पद्धत मात्र तिच्याहून बरीच नवी.

मोटारी आल्या तेव्हा त्यांना रंग देणारे कारागीर घोडागाड्यांच्या कारखान्यांतले होते. जवसाच्या तेलातले रंग आणि त्यावर व्हार्निश, असे थरावर थर चढत. प्रत्येक थर वाळायला काही दिवस लागत आणि चांगली गाडी रंगून बाहेर पडायला काही आठवडे. दोन थरांमध्ये घासणे आलेच. त्यासाठी ज्वालामुखीतून निघणारा प्यूमिस हा सच्छिद्र दगड पाण्यात बुडवून वापरत आणि शेवटचा हात त्याच्याच बारीक पुडीने फिरवत. घासायचा कागदही मिळत होता. लंडनमध्ये जॉन ओकी यांनी 1833 मध्ये काचेची पूड चिकटवलेल्या कागदाचा धंदा सुरू केला होता आणि 1834 मध्ये अमेरिकेतील व्हरमाँटच्या आयझॅक फिशर यांना अशाच कागदाची पेटंटे मिळाली होती. पण हे कण कागदाला सरसाने चिकटवलेले असत. सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे कागद कोरडाच वापरावा लागे आणि कोरडे घासले की धूळ उडे.

त्या धुळीत शिसे होते. पांढरे शिसे हा तेव्हाच्या प्रायमरचा आणि अस्तराचा नेहमीचा घटक. रंगाऱ्यांना होणारी पोटशूळ, मनगट लुळे पडणे ही दुखणी डॉक्टरांना चांगली ओळखीची होती. ब्रशने रंग लावताना पोटात जाणाऱ्या शिशापेक्षा जुना रंग कोरडा खरवडताना श्वासावाटे जाणारे शिसे अधिक घातक, हेही हळूहळू ध्यानात आले. 1921 मध्ये जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने रंगकामातील पांढऱ्या शिशाबद्दल करार संमत केला. त्यात कोरड्या घासण्याच्या धुळीपासून संरक्षणाची तरतूद स्वतंत्रपणे घातली होती.

पाण्यात टिकणारा कागद बाजारात आला तोही नेमका 1921 मध्येच. त्यातला कण आधीच तयार होता. एडवर्ड ॲचेसन यांनी 1891 मध्ये पेन्सिल्व्हेनियात माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवले. शोध कृत्रिम हिऱ्याचा होता, हाती लागले सिलिकॉन कार्बाइड. कार्बोरंडम या नावाने विकले गेलेले हे कण अतिशय कठीण. शिवाय तुटताना त्यांना नवी धारदार कड येते. कमी पडत होता तो पाण्याला दाद न देणारा चिकट पदार्थ.

तो फिलाडेल्फियातील फ्रान्सिस ओकी या शाई बनवणाऱ्या गृहस्थांकडे निघाला. मिनेसोटातील एका घासकागदाच्या कंपनीला त्यांचे पत्र आले, की तुमच्याकडे घासण्याच्या कणांचे जितके आकार असतील तितक्यांचे नमुने पाठवा. ही कंपनी म्हणजे पुढे ‘थ्री-एम’ नावाने जगभर पोहोचलेली मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग. 1902 मध्ये ती कुरुंदाची खाण म्हणून निघाली होती, पण खाणीत कुरुंद नव्हताच, म्हणून कागदाच्या धंद्यात शिरली. शाईवाल्याला एवढे कण कशाला हवेत, असा प्रश्न कंपनीचे विल्यम मॅकनाइट यांना पडला. चौकशीत कळले की ओकींनी पाणी लागले तरी कण न सोडणारा कागद बनवला आहे. कंपनीने हक्क विकत घेतले आणि ओकींनाही नोकरीत घेतले. दाढीला वस्तऱ्याऐवजी घासकागद वापरावा, अशी त्यांची एक कल्पना होती असे सांगतात. ती चालली नाही यात नवल नाही. ‘वेटऑरड्राय’ कागद मात्र मोटारींच्या रंगशाळांत झपाट्याने पसरला. पाण्यामुळे धूळ बसते, कागद चोंदत नाही, घासलेला गाळ वाहून जातो आणि ओरखडे बारीक पडतात.

वेळही जुळून आली होती. 1923 मध्ये ड्यू पाँट कंपनीने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर बाजारात आणला आणि जनरल मोटर्सने तो आपल्या ओकलंड मोटारींना प्रथम दिला. आठवड्यांचे काम तासांवर आले. फोर्डच्या मॉडेल टीला 1914 पासून फक्त काळा रंग होता; आता निळ्या, हिरव्या, दुरंगी गाड्या निघू लागल्या. पण लॅकरचे थर पातळ, संख्येने जास्त, आणि चकाकी येण्यासाठी घासून पॉलिश करावे लागणारे. म्हणजे घासण्याचे काम वाढलेच. याच पाण्याच्या कागदाची चाचणी घ्यायला सेंट पॉलच्या एका रंगशाळेत गेलेल्या रिचर्ड ड्रू या तरुण तंत्रज्ञाने तिथे रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकल्या. दुरंगी गाडीवर चिकटवलेला कागद काढताना ताजा रंगही सोलून येत होता. त्यातून 1925 मध्ये मास्किंग टेप जन्मली.

या सगळ्यात बंपर कुठेच नव्हता. तो पोलादी, आधी निकेलचा आणि 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून क्रोमचा मुलामा दिलेला असे. खराब झाला की तो प्लेटिंगवाल्याकडे जाई, रंगाऱ्याकडे नाही. भारतात अँबेसिडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या चकचकीत बंपरांचीही गत तीच. पाश्चात्त्य देशांत बदल आधी झाला होता. 1968 च्या पाँटिॲक जीटीओला अंगाच्याच रंगाचा लवचीक पुढचा बंपर आला, 1972 मध्ये रेनो 5 ला प्लॅस्टिकचे बंपर मिळाले आणि अमेरिकेत 1973 च्या गाड्यांपासून ताशी 5 मैलांचा धक्का पुढच्या बंपरने सोसलाच पाहिजे असा नियम लागला. भारतात डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने प्लॅस्टिकचा बंपर घराघरांत नेला. गाडीच्याच रंगाचे बंपर सर्रास दिसू लागले ते त्यानंतर.

प्लॅस्टिकने रंगाऱ्याची एक सोयही काढून घेतली. पत्र्यावरचा जुना रंग रसायन लावून फुगवून काढता येतो, पण तेच रसायन प्लॅस्टिकला मऊ करते किंवा त्याला तडे पाडते. त्यामुळे बंपरवर हाताने घासण्याला पर्याय फारसा राहिला नाही. त्यातून बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे, ज्यावर रंग मुळातच धरत नाही. कारखान्यात ज्वाळेचा झपका देऊन तो पृष्ठभाग तयार करतात. गॅरेजमध्ये उघडे प्लॅस्टिक दिसेल तिथे आधी चिकटपणा वाढवणारा खास प्रायमर मारतात. घासण्यापूर्वी साबणाने धुणेही इथे अधिक महत्त्वाचे, कारण मेण आणि तेलकटपणा कागदाबरोबर ओरखड्यांत दाबला जातो. फार जाड कागद लावला तर प्लॅस्टिकला केसाळ लव सुटते, म्हणून कडा उतरवायला 180 ते 320, मग 400 आणि रंगाआधी 600 नंबर, असा क्रम ठेवतात. सपाट भागावर कागदाखाली रबरी ठोकळा लागतो, नुसत्या बोटांनी घासले तर त्यांच्या चऱ्या पडतात.

आता मोठ्या वर्कशॉपांत धूळ ओढून घेणारी यंत्रे आली आहेत आणि तिथे घासणे पुन्हा कोरडे झाले आहे. भारतात रस्त्याकडेच्या गॅरेजांत अजून बादली, मग आणि वॉटर पेपर हाच सरंजाम चालतो. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाला 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली, पण ती मोटारींच्या रंगांसाठी नाही. शिवाय घासला जाणारा रंग बहुधा जुना असतो. पाण्याचा तोटा एकच: पुट्टी भरलेल्या जागी ओल मुरते. ती पूर्ण वाळण्याआधी रंग मारला तर काही दिवसांत तिथे फोड येतात आणि बंपर पुन्हा घासायला घ्यावा लागतो.