नावेवाचून मासेमारी

मासेमारीच्या कोणत्याही धंद्यात पहिले आणि सर्वांत मोठे भांडवल म्हणजे नाव. आपल्या कोकण किनाऱ्यावर तर धरलेल्या मासळीची वाटणी करताना माणसांच्या वाट्यांबरोबर नावेचा आणि जाळ्यांचाही वाटा वेगळा काढण्याची वहिवाट फार जुनी आहे. ज्याच्यापाशी केवळ अंगमेहनत आहे, त्याच्या पदरात काय पडणार हे नाव पाण्यात लोटण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. उत्तरेकडील ज्या मुलुखांत वर्षातून तीन-चार महिने तळी आणि नद्या गोठून जातात, तेथे मात्र निसर्गच ही अट काही काळापुरती रद्द करतो. ज्या खोल पाण्यापर्यंत उन्हाळ्यात नाव नसलेल्याचा गळ पोहोचत नाही, त्याच पाण्यावर ऐन हिवाळ्यात तोच मनुष्य पायी चालत जातो, पहारेने एक भोक पाडतो आणि तळ्यातील सर्वोत्तम जागेवर नावेच्या मालकाच्या बरोबरीने गळ सोडून बसतो. बर्फावरील मासेमारीचा इतिहास हा मला या एका सवलतीचा इतिहास वाटतो. आणि आज जो कोणी थोडक्या पैशांत या मासेमारीचा आरंभ करू पाहतो, त्याने मनात कसलाही संकोच बाळगण्याचे कारण नाही, कारण या परंपरेचा मूळ वारसदार तोच आहे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातील कॉन्कॉर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे एक तळे आहे. १८४५ ते १८४७ या काळात हेन्री डेव्हिड थोरो त्याच्या काठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहिला, आणि १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हिवाळ्यात त्या तळ्यावर येणाऱ्या मासेमाऱ्यांचे असे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे की, या कलेचा अभ्यासक त्या पृष्ठांवरून घाईने पुढे जाऊच शकत नाही. ही माणसे कडाक्याच्या थंडीत भल्या पहाटे येत, बरोबर दोरीची रिळे आणि जेमतेम शिदोरी असे. बर्फात एकमेकांपासून वीस-पंचवीस मीटर अंतरावर लहान लहान भोके पाडून प्रत्येक भोकावर ते अल्डर झुडपाची एक फांदी आडवी ठेवीत. दोरीचे टोक एका काटकीला पक्के बांधीत, म्हणजे मोठा मासा लागला तरी सगळी दोरी आत ओढली जाऊ नये. आणि दोरीचा सैल भाग बर्फापासून हातभर उंच अशा डहाळीवरून घेऊन तेथे ओकचे एक वाळके पान बांधून देत. मासा गळाला लागला की ते पान खाली ओढले जाई आणि दूर उभ्या असलेल्या माणसाला, धुके असले तरी, कोणत्या भोकाकडे धावायचे ते कळे. जमीन गोठून दगडासारखी झाल्यामुळे गांडुळे मिळण्याची सोय नसे. म्हणून ते कुजलेल्या ओंडक्यांतून अळ्या काढून आणीत. या साऱ्या सरंजामात विकत घेण्याजोग्या वस्तू दोनच होत्या, दोरी आणि गळ. बाकी सर्व रानाने दिलेले होते. आज दुकानांतून जी लाकडी किंवा प्लास्टिकची आडवी चौकट मिळते, जिच्यावरची स्प्रिंगची झेंडी मासा लागताच ताडकन उभी राहते आणि जिचे रीळ दोरी गोठू नये म्हणून पाण्याखाली राहते, तिच्यातील तत्त्व त्या वाळक्या पानाहून तिळमात्र वेगळे नाही.

पाणी गोठण्याची रीतच या मासेमारीला अनुकूल आहे. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे चार अंश सेल्सिअस तापमानाला; त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि वरूनच गोठते. त्यामुळे बर्फाच्या छताखाली तळ्याच्या तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी हिवाळाभर टिकून राहते आणि मासे त्या आश्रयाला जगतात. त्यांची हालचाल मंदावते, भूक कमी होते आणि गळाला लागणारा हिसका इतका सूक्ष्म असतो की नवख्याच्या बोटांना तो कळतही नाही. म्हणून बारीक दोरी, लहान गळ आणि आमिषाची अगदी हलकी, थांबून थांबून केलेली हालचाल या तीन गोष्टींवर जाणती माणसे भर देतात. आणि तिन्हींपैकी एकही गोष्ट महाग नाही.

गोठलेल्या पाण्यावर श्रीमंती थाटाची मासेमारी कधी झालीच नाही असे नाही. स्वीडनमधून परागंदा झालेला धर्माधिकारी ओलाउस माग्नुस याने १५५५ साली रोम येथे उत्तरेकडील लोकांविषयी जो बृहद्ग्रंथ छापविला, त्यात बर्फाखालून ओढल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांची माहिती आहे. एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत लांब काठ्यांच्या साहाय्याने दोर सरकवीत नेऊन शेवटी प्रचंड जाळे एका मोठ्या खिंडारातून बाहेर काढण्याचे ते काम होते, आणि ते एकट्या-दुकट्याच्या आवाक्यातले नव्हते. त्याला मनुष्यबळ, दोरखंड आणि जाळे एकत्र करणारे गाव किंवा धनको लागे. चीनमधील जिलिन प्रांतात चागान सरोवरावर आजही घोड्यांनी फिरविलेल्या रहाटाच्या बळावर अशी जाळी ओढली जातात. परंतु हा मार्ग आपल्या विषयाच्या कडेने जातो. गरीब माणसाची खरी कर्तबगारी पाहायची तर उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांकडे वळले पाहिजे.

तेथील अनिशिनाबे, ज्यांना बाहेरचे लोक ओजिब्वे म्हणत आले, यांची भाल्याने मासे मारण्याची पद्धत पाहून युरोपीय आगंतुक थक्क झाले. अलेक्झांडर हेन्री नावाचा केसाळ कातड्यांचा व्यापारी १७६० नंतरच्या वर्षांत त्या सरोवरांच्या परिसरात राहिला, आणि १८०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याने ती नोंदवून ठेवली. बर्फात मोठे भोक पाडून त्यावर डहाळ्यांची जेमतेम दोन फूट उंचीची खोप उभारायची आणि ती कातड्यांनी अशी झाकायची की आत उजेडाचा कवडसाही शिरू नये. मग त्या काळोखात पालथे पडून पाण्यात पाहिले की, बाहेरच्या लख्ख उजेडात जे पाणी काळे आणि बंद दिसते, तेच खालून उजळून निघून खोलवरचा मासाही स्पष्ट दिसू लागतो. एका हातात लांब दांड्याचा भाला आणि दुसऱ्या हातात दोरी. दोरीला लाकडाचा कोरलेला, पोटात शिसे भरलेला खोटा मासा. तो पाण्यात हळूहळू फिरविला की ट्राउट त्याच्यावर झडप घालायला येई आणि भाल्याच्या टप्प्यात सापडे. गळ नाही, आमिष नाही, जाळे नाही. अंधार आणि उजेड यांच्या नात्याचे निरीक्षण हेच येथील भांडवल, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या साठविलेले होते. हे ज्ञान ज्यांनी निर्माण केले त्यांना निव्वळ आदिम म्हणून बाजूला सारणाऱ्या लेखकांशी माझा तीव्र मतभेद आहे.

त्यांच्या वाट्याला पुढे जे आले तेही सांगितले पाहिजे. १८३७ साली अमेरिकेच्या सरकारने या लोकांशी तहनामा करून त्यांचा विस्तीर्ण मुलूख घेतला, तेव्हा त्या मुलखात शिकार, मासेमारी आणि रानधान्य गोळा करण्याचा हक्क त्यांच्याकडे राखून ठेवला होता. कालांतराने प्रांतिक सरकारने आपले नियम त्यांच्यावर लादले आणि तो हक्क जणू दप्तरातच राहिला. मिल लॅक्स या मिनेसोटातील विशाल तळ्याच्या काठच्या अनिशिनाब्यांनी त्यासाठी दावा लावला, आणि १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने तो हक्क अबाधित असल्याचा निकाल दिला. एकशे बासष्ट वर्षांनी तहनाम्यातील शब्दाला किंमत आली. आज ज्या तळ्यावर हिवाळ्यात खोपटांची वस्तीच्या वस्ती उभी राहते, त्याच्या बर्फावर पाऊल ठेवणाऱ्याला हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

लाकडी माशाची विद्या गोऱ्या वसाहतवाल्यांनीही उचलली. मिशिगनमधील कॅडिलॅक गावचा ऑस्कर पीटरसन (१८८७–१९५१) याने आयुष्यभरात असे हजारो मासे कोरले, रंगविले आणि आसपासच्या मासेमाऱ्यांना किरकोळ दराने विकले. कथलाचे पंख आणि पोटात ओतलेले शिसे अशा घडणीचे हे मासे त्या काळी भाल्याशेजारी खुंटीला टांगलेले असत. आता लोककलेचे संग्राहक त्यांच्यासाठी लिलावात मोठमोठ्या रकमा मोजतात. मात्र चाकू हाती धरता येणारा मनुष्य आजही पाइनच्या तुकड्यातून आपल्यापुरता मासा घडवू शकतो आणि पाण्याखालच्या माशाला त्यात काही उणे दिसत नाही.

वॉल्डनच्या तळ्याचा आपल्या मुंबईशी एक अनपेक्षित संबंध आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने त्या भागातील तळ्यांचा बर्फ कापून जहाजांतून उष्ण देशांत पाठविण्याचा व्यापार उभारला. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे त्याचे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले आणि सुमारे चार महिन्यांच्या सफरीनंतर त्यातील सुमारे १०० टन शाबूत पोहोचला. त्याच दशकात मुंबई बंदरातही हा बर्फ उतरू लागला आणि त्याच्यासाठी बर्फखाना झाला; मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरचा तसा बर्फखाना तर अद्याप उभा असून १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम त्याच वास्तूत होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनवर मजुरांची मोठी टोळी बर्फ कापत असताना थोरोने ते पाहिले आणि मद्रास, मुंबई, कलकत्त्याची तहानलेली माणसे आपल्या तळ्याचे पाणी पिणार या कल्पनेने तो हरखून गेला. त्या हिवाळ्यात रचलेली बर्फाची रास १८४८ च्या सप्टेंबरापर्यंत पुरती वितळली नव्हती. म्हणजे ज्या बर्फाला भोक पाडून गरीब मनुष्य आपले जेवण मिळवी, तोच बर्फ चौकोनी लाद्या होऊन दूरच्या धनिकांच्या पेल्यात जाई.

बर्फ कापणे आणि मासे धरणे यांची गाठ क्वेबेकमध्ये आणखी एका प्रकारे पडली. सेंट-आन-दे-ला-पेराद या गावी १९३८ साली युजीन मायो नावाचा रहिवासी नदीतून बर्फाचे ठोकळे कापत असता त्याला त्या भोकात मासेच मासे दिसले. पुलामों नावाचा हा कॉड जातीचा लहान मासा समुद्रातून भर हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. पुढे तेथे दर वर्षी गोठलेल्या नदीवर शेकडो लाकडी खोल्यांचे एक गावच उभे राहू लागले.

नोकरीनिमित्त मिनिआपोलिस किंवा टोरांटोकडे गेलेल्या मराठी माणसाने, किंवा अन्य कोणीही, या विद्येचा आरंभ कसा करावा? प्रथम ज्या त्या सरकारचा परवाना काढावा. फिनलंडसारख्या देशात साध्या गळाने बर्फावर मासे धरायला तोही लागत नाही, कारण ती मुभा तेथे सर्वांनाच आहे. मग भोक पाडण्याचे साधन. जुने लोक छिन्नीसारखे चपटे टोक असलेली पहार वापरीत, आणि तिच्या मुठीला दोरीचा फास करून तो मनगटात अडकवीत. कारण शेवटच्या घावाला बर्फ फुटून पहार हातातून निसटली की ती थेट तळ गाठते. पुढे स्वीडनमधील मोरा गावाच्या नावाने ओळखली जाणारी हातगिरमिटे आली, आणि नंतर इंजिनाची व विजेची. जुने हातगिरमिट स्वस्तात मिळाले तर पात्याची धार तेवढी पाहून घ्यावी, कारण बोथट पात्याशी झगडण्यात सकाळ जाते आणि अंगावर आलेला घाम थंडीत मोठा वैरी ठरतो. भोकात साचणारा बर्फाचा चुरा काढायला स्वयंपाकघरातील झारा पुरतो. एक पालथी बादली बसायला आणि तीच परतताना मासे न्यायला. हातभर काठीला गुंडाळलेली दोरी, शिशाचा मणी, दोन-चार लहान गळ. काठावरच्या बर्फावर वाऱ्याला पाठ करून बसणाऱ्याला तंबूचीही निकड नसते. माशांचा ठाव सांगणारी विजेची यंत्रे आता मिळतात आणि त्यांची किंमत बाकी साऱ्या सामानाच्या कितीतरी पट असते. पहिल्या हिवाळ्यात शिशाचा मणी तळाला टेकवून खोली मोजणे आणि तळापासून वीतभर वर आमिष ठेवून पाहणे, मग थोडे थोडे वर घेणे, एवढे शिकले तरी पुष्कळ झाले.

एका बाबतीत मात्र काटकसर चालत नाही, आणि ती बाब विकत मिळणारी नव्हे. एकट्या माणसाला पायी चालायला स्वच्छ, निळसर-काळा बर्फ सुमारे चार इंच जाड हवा असे सांगतात. हिमाच्या थराने झालेला पांढरा बर्फ तितका जाड असूनही निम्माच भार पेलतो. झऱ्याच्या तोंडाशी, पुलाखाली, ओढा तळ्याला मिळतो तेथे बर्फ पातळ राहतो, आणि काल जेथून गेलो ती वाट आज तशीच असेल याची शाश्वती नसते. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ओहायोच्या किनाऱ्यालगत ईरी सरोवरावरील बर्फाचा मोठा पट्टा वाऱ्याने काठापासून तुटला आणि शंभराहून अधिक मासेमारे त्यावर अडकले. बहुतेकांची सुटका झाली, परंतु एकाचा प्राण गेला. त्यांच्यातील पुष्कळांकडे उत्तम सामान होते. म्हणून नवख्याने पहिले दोन-तीन फेरे जाणत्या माणसाबरोबर करावेत, त्याच्या मागोमाग चालावे, तो पावलागणिक पहार आपटून काय ऐकतो ते ऐकावे. आणि घरीच दोन लाकडी मुठींत एकेक जाड खिळा ठोकून, टोके कानशीने घासून, त्या मुठी दोरीने जोडून ती दोरी कोटाच्या दोन्ही बाह्यांतून ओवून घ्यावी. बर्फ फुटून माणूस पाण्यात गेला तर ओल्या, निसरड्या कडेवर नुसत्या बोटांनी पकड मिळत नाही. हे खिळे रोवून मात्र स्वतःला बाहेर ओढता येते. मग लगेच उभे न राहता, आडवेच गडगडत ज्या वाटेने आलो त्या वाटेने मागे सरकावे.