आठ आण्यांचं कुत्रं

आज शेलूबाजारहून थेट १८३२ च्या मुंबईत जाऊ.

आमच्या शेलूबाजारात चहाच्या टपरीमागे एक काळी कुत्री असायची. वर्षातून दोनदा विणार. काही पिल्लं गाडीखाली जायची, काही पावसात. उरलेली पुन्हा टपरीमागेच. कुणीतरी म्हणायचंच, "यायले मारून टाका एकडाव!"

हा उपाय इंग्रजांनी करून पाहिला होता. मुंबईत मोकाट कुत्रं मारलं की आठ आणे बक्षीस! मग काय, पैशापायी पाळलेली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्रा पवित्र. ६ जून १८३२ ला फोर्टात पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकारातून मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला.

पण मारणं थांबलं नाही. पुढे महापालिका आली, तीही १९९० च्या दशकापर्यंत कुत्री मारत होती. कुत्री संपली का? नाही. कारण साधं आहे: उकिरडा तिथेच राहतो, म्हणून रिकाम्या जागी नवी कुत्री येतात, आणि कुत्री दोन महिन्यांत विते.

म्हणून विचार बदलला. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा आणि जिथून आणलं तिथेच सोडा. २००१ मध्ये याचे केंद्रीय नियम झाले, २०२३ मध्ये नवे आले. २२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानेही हाच मार्ग मान्य केला. त्या आदेशानुसार रेबीज झालेली आणि हल्लेखोर कुत्री सोडायची नव्हती.

नियमांनुसार ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची. पण डॉक्टर, ऑपरेशनची खोली, पिंजरे हे सगळं एकटी ग्रामपंचायत कुठून आणणार?

गेल्या वर्षी त्या काळीच्याच एका लेकीची नसबंदी आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून केली. ऑपरेशनपेक्षा गाडीभाडं आणि नंतर तिला ठेवायची जागा, यातच जास्त पंचाईत झाली. एका कुत्रीला एवढं, तर गावभर कसं होणार? चार-पाच गावांनी मिळून तालुक्याला एक स्वस्त केंद्र चालवलं, तरच जमेल.

आठ आणे मारायला मिळत होते. जगवून संख्या कमी करायला आपण किती देऊ? पुढच्या ग्रामसभेत हे विचारा. मी पण विचारणार आहे. भेटू पुढच्या भागात!