उणे एकची गोष्ट

आजच्या भागात लढाई नाही, राजा नाही. एका आकड्याचा इतिहास आहे: उणे एक.

1971 च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची युनिक्स प्रणाली पीडीपी-11 या यंत्रावर चालू लागली. प्रोग्रॅमला फाइल उघडायची, वाचायची असली की तो कर्नलकडे मागणी करतो. तोच सिस्टिम कॉल. त्या यंत्रावर काम फसलं, तर कर्नल प्रोसेसरमधला 'कॅरी' नावाचा बिट वर करायचा. उत्तराचा आकडा एका जागी, फसल्याची खूण दुसऱ्या जागी. आमच्या भाषेत, संदेश वेगळा आणि धोक्याची शिट्टी वेगळी.

सी भाषेत मात्र फंक्शन एकच किंमत परत देतं. मग दोन्ही गोष्टी एकाच पाकिटात घातल्या. वाचलेले बाइट कधी उणे नसतात, म्हणून -1 म्हणजे अपयश. युक्ती छान होती, पण तिला एक अट चिकटली: उत्तर ज्या व्हेरिएबलमध्ये घ्याल, त्यात उणे आकडा मावला पाहिजे. 'अनसाइन्ड' प्रकारात उणे चिन्हाला जागाच नाही. तेच सोळा बिट तिथे 65535 होतात. बत्तीस बिट असतील तर 4294967295. वाचन फसलेलं असतं आणि प्रोग्रॅम समजतो, चार अब्ज बाइट हाती आले. खाली 'शून्यापेक्षा कमी आहे का' अशी तपासणी लिहिलेली असते, पण ती कधीच खरी ठरत नाही. मला ही चूक तपासणी न करण्यापेक्षाही वाईट वाटते. पहारेकरी उभा आहे, पण त्याचं तोंड भिंतीकडे!

खुद्द युनिक्सवाल्यांनाही आकड्याची जागा अपुरी पडली होती. फाइलमध्ये पुढे-मागे सरकण्याचा 'सीक' हा कॉल सोळा बिटांचा होता. लांबचं अंतर सांगायचं तर 512 बाइटांच्या पटीत सांगावं लागे. 1979 च्या सातव्या आवृत्तीत 'लाँग' प्रकार घेणारा 'एलसीक' आला. नावातला 'एल' त्या 'लाँग'चाच. पुढे पॉझिक्स मानकाने 1990 मध्ये 'रीड'च्या उत्तरासाठी 'एस-साइझ-टी' हा वेगळा प्रकारच दिला, म्हणजे उणे धरणारा 'साइझ-टी'. तरी आजही लोक साध्या 'साइझ-टी'त उत्तर घेतात.

प्रकार निवडण्यातली चूक किती महाग पडते, ते 2012 मध्ये दिसलं. तिथे सिस्टिम कॉल नव्हता, पण दुखणं तेच. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसांत पासवर्डची तुलना करणाऱ्या फंक्शनचं 'इंट' उत्तर एका बाइटच्या प्रकारात घेतलं होतं. उत्तर शून्य म्हणजे पासवर्ड जुळला. समजा उत्तर 512 आलं. खालचा बाइट उरला, तो शून्य. काही लिनक्स यंत्रांवर त्यामुळे चुकीचा पासवर्डसुद्धा साधारण 256 वेळांत एकदा चालून जायचा. वापरकर्त्याचं नाव माहीत असलं की पुरे, दार ठोठावत राहायचं.

आता 'टाइम' हा कॉल बघा. तो 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद देतो, आणि फसला तर -1. पण -1 ही खरी वेळही आहे: त्या दिवशी आपल्याकडची पहाटेची 5 वाजून 29 मिनिटं 59 सेकंद. बत्तीस बिटांचा हा आकडा 19 जानेवारी 2038 ला, भारतीय वेळेनुसार सकाळी 8:44:07 वाजता भरतो आणि पुढच्याच सेकंदाला उणे होतो. ज्यांनी नेमकं -1 न तपासता 'शून्यापेक्षा कमी' असं लिहून ठेवलंय, त्यांच्या प्रोग्रॅमला त्यानंतरची प्रत्येक वेळ अपयशच वाटणार. 2020 च्या लिनक्स 5.6 पासून बत्तीस बिटांच्या यंत्रांनाही चौसष्ट बिटांची वेळ मिळू शकते. पण जुन्या कोडमध्ये कुणी ती साध्या 'इंट'मध्ये उतरवून घेत असेल, तर तिथे ती पुन्हा बत्तीस बिटांचीच होते.